फी कमी आहे. सही करण्याआधी नियम वाचा

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या याद्या चाळताना एका नावापाशी बरेच जण थबकतात. यूटा राज्यात प्रोव्हो नावाचं शहर आहे, तिथलं ब्रिगॅम यंग विद्यापीठ. सगळे त्याला बीवाययू म्हणतात. अमेरिकेतल्या नामांकित खासगी विद्यापीठांची वर्षाची फी आता साठ हजार डॉलरच्या पुढे गेली आहे. बीवाययूत मात्र 2023-24 साली पदवीच्या विद्यार्थ्याला वर्षाला 6,496 डॉलर पडत होते, तेही तो विद्यापीठ चालवणाऱ्या चर्चचा सदस्य असेल तर. नसेल तर बरोबर दुप्पट, 12,992 डॉलर. त्यानंतर दर वर्षी थोडी वाढ होत आली आहे, पण सदस्य आणि इतर यांच्यातलं प्रमाण तेच आहे. हे आकडे पाहून काही पालक ‘यात काहीतरी गोम असणार’ म्हणून पुढे सरकतात, तर काही जण लगेच अर्ज भरायला बसतात. मी तिथे शिकलो असल्यामुळे दोन्ही प्रकारची माणसं मला विचारायला येतात. दोघांनाही मी एकच सांगतो: फी का कमी आहे ते आधी समजून घ्या, त्यावरच पुढचं सगळं ठरतं.

हे विद्यापीठ ज्यांना आपण मॉर्मन म्हणून ओळखतो त्या चर्चचं आहे. त्याचं पूर्ण नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. या चर्चचे सदस्य आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देतात, आणि त्या दशांशातून विद्यापीठाच्या खर्चाचा मोठा वाटा उचलला जातो. इडाहोतला बटाट्याचा शेतकरी आणि फिलिपिन्समधली शाळाशिक्षिका यांच्या पगारातला पैसा तुमच्या वर्गखोलीत आलेला असतो. सदस्यांच्या घरातून हा पैसा आधीच गेला आहे, म्हणून त्यांच्या मुलांना फी निम्मी. दुप्पट भरणाऱ्यालाही प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमीच भरावं लागतं. धार्मिक विद्यापीठ म्हणजे स्वस्त, असा काही नियम नाही. इंडियानातलं नोत्र दाम हे कॅथलिक विद्यापीठ अमेरिकेतल्या महागड्या विद्यापीठांत मोडतं. बीवाययूची फी कमी आहे ती या दशांशाच्या व्यवस्थेमुळे. ज्यांनी पैसा दिला त्यांची बदल्यात एक अपेक्षा आहे: इथे शिकणाऱ्याने आमच्या रीतीने राहावं. मला ही अपेक्षा रास्त वाटते, पण ती तुम्हाला झेपेल का याचं उत्तर फक्त तुम्हीच देऊ शकता.

आपल्याकडे मिशनऱ्यांनी काढलेली कॉलेजं आहेत. मुंबईचं विल्सन 1832 पासूनचं, झेवियर्स 1869 चं. तिथे धर्म असतो तो संस्था चालवणाऱ्यांचा, विद्यार्थी आपापल्या घरच्या चालीने राहतो, आणि चहाच्या टपरीवर उभं राहिलं म्हणून कोणी हटकत नाही. त्या अनुभवावरून बीवाययूची कल्पना करू नका. तिथे सुमारे पस्तीस हजार विद्यार्थी आहेत आणि त्यातले जवळजवळ सगळेच त्या चर्चचे सदस्य आहेत. तुम्ही तिथे खऱ्या अर्थाने अल्पसंख्य असाल.

शिक्षणाच्या दर्जाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो चांगला आहे. 1875 साली अकादमी म्हणून सुरू झालेली ही संस्था आज रीतसर मान्यता असलेलं मोठं विद्यापीठ आहे. अकाउंटिंग, व्यवस्थापन, अभियांत्रिकी, अॅनिमेशन आणि परकीय भाषा या विभागांना अमेरिकेत मान आहे. 1997 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले पॉल बॉयर इथलेच पदवीधर. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. पुण्या-नाशकात हे नाव सांगितलं तर चार माणसांना ते माहीत नसेल. आणि जागतिक क्रमवारीत ते फार वर नाही, त्यामुळे राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या, क्रमवारीची अट असलेल्या योजनांचा लाभ इथे मिळेल असं धरून चालू नका. त्या शिष्यवृत्तीवर तुमची मदार असेल तर हा पर्याय इथेच सोडून द्या.

आता ऑनर कोड, म्हणजे तिथले वागण्याचे नियम. प्रवेश घेताना तुम्ही त्यावर सही करता, आणि तुमचं तिथलं सगळं आयुष्य या कागदाभोवती फिरतं. दारू नाही, तंबाखू नाही, गांजा नाही, व्हेपिंग नाही, एवढं वाचून मराठी आईवडिलांच्या चेहऱ्यावर समाधान येतं. पुढे लिहिलेलं असतं: चहा नाही, कॉफी नाही. 1833 साली चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी घालून दिलेल्या आहारनियमांतून हे आलं आहे. गवती चहाचा किंवा आल्याचा काढा चालतो. चहाची पत्ती चालत नाही. आणि हा नियम आवारापुरता नाही. सुटीत घरी आल्यावर, मित्राच्या लग्नात, मावशीने प्रेमाने पुढे केलेल्या कपाच्या बाबतीतही तो लागू असतो, कारण सही तुमच्या वागण्यावर असते, जागेवर नसते. चहा ही क्षुल्लक गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हिवाळ्यातल्या सकाळी उणे तापमानात बर्फ तुडवत आठच्या तासाला जाताना काय हवंसं वाटतं, हे एकदा मनात आणून पाहावं. ‘खोलीत गुपचूप घेईन, कोणाला कळतंय’ असं जो मनात म्हणत असेल, त्याने जाऊच नये. तिथे सगळ्यात वरचा नियम प्रामाणिकपणाचा आहे, आणि चार वर्षं लपूनछपून राहणं माणसाला आतून पोखरतं. अर्ज करण्याआधी महिनाभर चहा-कॉफी सोडून बघा. इतकी सोपी आणि इतकी खरी परीक्षा दुसरी नाही.

मुलांनी दाढी ठेवायची नाही, केस नीटनेटके ठेवायचे. धर्माच्या, वैद्यकीय किंवा नाटकातल्या भूमिकेच्या कारणाने सूट मागता येते. शीख किंवा मुसलमान विद्यार्थ्याने ती वेळेत आणि लेखी मागावी. लग्नाशिवाय शरीरसंबंध नाहीत. समलिंगी प्रेमाचं वर्तनही ऑनर कोडला मान्य नाही, आणि हे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलं आहे. जी मुलं-मुली समलिंगी आहेत त्यांना मी काळजीने सांगतो, कमी फीसाठी स्वतःला अशा जागी नेऊ नका. चांगली विद्यापीठं पुष्कळ आहेत.

मुलींसाठी एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो. लैंगिक अत्याचाराची तक्रार केली तर ‘तू त्या वेळी नियम मोडून तिथे कशी होतीस’ असा उलटा प्रश्न आपल्यालाच विचारला जाईल, अशी भीती विद्यार्थिनींना वाटत होती. 2016 साली त्यावरून मोठा गदारोळ झाला. त्यानंतर विद्यापीठाने तक्रार करणाऱ्या पीडितेला आणि साक्षीदारांना ऑनर कोडच्या कारवाईतून संरक्षण देणारं धोरण आणलं. ते धोरण वाचून ठेवा. वेळ आलीच, तर गप्प राहू नका.

सही एकदा करून भागत नाही. दर वर्षी एंडोर्समेंट लागते, म्हणजे हा विद्यार्थी नियमांप्रमाणे राहतो असं कोणा धर्माधिकाऱ्याने सांगावं लागतं. सदस्य नसलेल्या विद्यार्थ्याला तीन वाटा आहेत: तो ज्या धार्मिक मंडळीत नियमाने जातो तिथला प्रमुख, तो राहतो त्या भागातला मॉर्मन बिशप, किंवा विद्यापीठाने नेमलेला चॅप्लिन, जो कुठल्या एका पंथाचा म्हणून काम करत नाही. हिंदू किंवा बौद्ध घरातल्या मुलांना चॅप्लिनची वाट बहुधा सोयीची पडते. मुलाखतीला बिचकू नका. प्रश्न नियमांबद्दल असतात, तुमच्या देवाबद्दल वाद घातला जात नाही.

परदेशी विद्यार्थ्याने इथे आणखी एक पाऊल पुढचा विचार करायला हवा. अमेरिकन मुलगा निलंबित झाला तर घरी जाऊन वर्षभराने परत येऊ शकतो. तुम्ही एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असता. विद्यापीठातलं नाव कमी झालं की व्हिसाचा दर्जाही जातो, आणि लगेच दुसरीकडे बदली घ्यायची किंवा देश सोडायचा, एवढंच हातात उरतं. शिक्षणासाठी घर गहाण टाकलेलं असेल तर याचा अर्थ काय होतो, हे मी वेगळं सांगायला नको.

मग तिथले दिवस कसे जातात? मला ते आवडले, हे आधीच सांगून टाकतो. पहिल्या आठवड्यातली एक संध्याकाळ आठवते. ग्रंथालयाकडून उतरताना ध्वनिक्षेपकावर राष्ट्रगीत सुरू झालं. ध्वज उतरवायची वेळ होती. आवारातली गर्दी जागच्या जागी थांबली. सायकलवाल्याने पाय टेकला, हातातल्या सँडविचचा घास घेता घेता एक मुलगी तशीच उभी राहिली, सगळ्यांचे चेहरे ध्वजाकडे. गीत संपलं आणि सगळे पुन्हा चालू लागले. पाहुण्याने काय करायचं हे तिथे कोणी सांगत नाही, आपणही उभं राहावं एवढंच. मंगळवारी सकाळी अकराला मॅरियट सेंटरमध्ये प्रवचन असतं, त्या तासाला आवारातली बहुतेक कार्यालयं बंद. रविवारी ग्रंथालयही बंद. सोमवारी परीक्षा असेल तर लागणारी पुस्तकं शनिवारीच घरी आणा. सोमवारची संध्याकाळ ते लोक कुटुंबासाठी राखून ठेवतात, आणि अविवाहित विद्यार्थ्यांचे गट करून खेळ, गप्पा, खाणंपिणं होतं. तिथे जा. नव्या माणसाला ओळखी करून घ्यायला त्याहून चांगली जागा मला दिसली नाही.

पदवीसाठी धर्मविषयाची चौदा क्रेडिट सगळ्यांनाच घ्यावी लागतात, त्यात ‘बुक ऑफ मॉर्मन’ या त्यांच्या धर्मग्रंथाचा अभ्यास आलाच. हा विषय हलक्यात घेऊ नका. त्याचे गुण एकूण निकालात धरले जातात. वर्गातली बाकीची मुलं लहानपणापासून हे ग्रंथ वाचत आलेली असतात, त्यातले पुष्कळ जण दोन वर्षं धर्मप्रचाराला परदेशी जाऊन आलेले असतात, त्यामुळे शिक्षक अर्ध्या वाक्यात जे सांगतो ते त्यांना कळतं आणि आपल्याला कळत नाही. पहिल्याच सत्रात शिक्षकाला भेटून सांगा की मी या परंपरेतला नाही. मूळ ग्रंथ तासाच्या आधी वाचून जा. उत्तर लिहिताना विश्वास दाखवायची गरज नसते, समज दाखवावी लागते. कीर्तन-प्रवचन ऐकत वाढलेल्या मराठी मुलाला दृष्टान्त आणि त्याचं निरूपण ही पद्धत अनोळखी नाही. त्याचा मला फायदा झाला.

आता जो प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात: ‘सदस्य झालं तर फी निम्मी होते, मग नावापुरतं का होऊ नये?’ नका होऊ. पैशासाठी दीक्षा घेणं हा त्या लोकांच्या श्रद्धेचा अपमान आहे आणि आपल्याही. त्यात एक व्यवहाराचा धोका आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. इतर धर्माचा विद्यार्थी म्हणून तुम्ही चार वर्षं निर्वेध शिकू शकता. पण चर्चचे सदस्य होऊन नंतर रीतसर बाहेर पडलात, तर तुमची एंडोर्समेंट जाऊ शकते आणि तिच्याबरोबर शिक्षणही. आत शिरणं सोपं आहे, बाहेर पडणं तिथे शिकत असेपर्यंत महागात पडतं. मनापासून पटलं तर तो तुमचा प्रश्न. तेव्हाही पदवी हातात पडेपर्यंत थांबायला काय हरकत आहे? शिक्षणासाठी धर्म बदलण्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही. गोपाळराव जोशींनी पत्नी आनंदीबाईंच्या अमेरिकेतल्या शिक्षणासाठी वाइल्डर या मिशनऱ्यांना मदत मागितली, तेव्हा ख्रिस्ती होण्याची अट पुढे आली. ती त्यांनी नाकारली. रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी कुठलीही अट न घालता घराचं दार उघडलं, आणि 1886 साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या. बीवाययू अशी अट घालत नाही, हे त्याच्या बाजूने आवर्जून सांगायला हवं. तिथले मित्र मात्र तुम्हाला चर्चला बोलावतील, मिशनऱ्यांशी गाठ घालून देतील. त्यांच्या दृष्टीने हे प्रेमाचंच बोलावणं असतं. चिडू नका, टोलवाटोलवीही करू नका. ‘एकदा येईन, बघेन, पण मला धर्म बदलायचा नाही’ असं पहिल्यांदाच स्वच्छ सांगितलं की मैत्री टिकते. ‘बघू, नंतर’ म्हणत राहिलात तर समोरचा आशेवर राहतो आणि शेवटी दोघंही अवघडतात.

पैशाचं गणित दुप्पट फी धरूनच मांडा. राहणं, जेवण, आरोग्य विमा, पुस्तकं, हिवाळ्याचे कपडे आणि विमानभाडं मिळून फीइतका किंवा त्याहूनही जास्त खर्च आणखी होतो. अमेरिकन सरकारची शिक्षणमदत परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. सत्र चालू असताना आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं, आणि बीवाययूमध्ये विद्यार्थ्यांना कामं भरपूर असतात: खाणावळीत, ग्रंथालयात, पहाटे चारची साफसफाई. पहाटेचं काम लवकर मिळतं, कारण ते फारसं कोणाला नको असतं. त्यातून जेवणाखाण्याचा भार हलका होतो, फी निघत नाही. व्हिसासाठी दाखवायची रक्कम आधीच हाताशी लागते; ‘तिथे जाऊन कमवीन’ या भरवशावर बँकेकडे जाऊ नका.

अविवाहित पदवी विद्यार्थ्यांना निदान सुरुवातीच्या काळात विद्यापीठाने मान्य केलेल्या घरांतच राहावं लागतं. मुलांची आणि मुलींची घरं वेगळी. मुलांकडे आलेल्या मुलींनी आणि मुलींकडे आलेल्या मुलांनी मध्यरात्रीच्या आत निघायचं, शुक्रवारी रात्री दीड वाजेपर्यंत मुभा, आणि झोपायच्या खोलीत जायचं नाही. एका घरात बहुधा चार ते सहा जण, एका खोलीत दोघे, स्वयंपाकघर एक. फोडणीचा वास पहिल्या दिवशी सगळ्यांना जाणवतो. कुकरच्या शिट्टीने तर माझ्या घरातला एक मुलगा धावत बाहेर आला होता. त्याला वरणभात वाढला, मग तक्रार उरली नाही. शाकाहारी माणसाने स्वयंपाक शिकूनच जावं. प्रोव्होच्या दक्षिणेला पंधरा-सोळा किलोमीटरवर स्पॅनिश फोर्क गावी इस्कॉनच्या भक्तांनी बांधलेलं राधाकृष्णाचं मंदिर आहे. तिथली होळी साऱ्या यूटात प्रसिद्ध आहे, आणि रंग खेळायला येणाऱ्या गर्दीत बीवाययूचीच मुलं मोठ्या संख्येने असतात. घरची आठवण अनावर झाली की तिथे जाऊन बसता येतं.

प्रोव्होची उंची महाबळेश्वराएवढी, म्हणजे चौदाशे मीटरच्या आसपास. पण हवा कमालीची कोरडी आणि हिवाळ्यात बर्फ. पहिल्या महिन्यात ओठ फुटतात, नाकातून रक्तही येतं. पाणी पीत राहा, व्हॅसलीन खिशात ठेवा.

एक एकटेपणा असा येतो, ज्याची कल्पना कोणी आधी देत नाही. तिथे लग्नं लवकर होतात. बावीस-तेविसाव्या वर्षी तुमच्या बरोबरचे निम्मे संसाराला लागलेले असतात, आणि खोलीतला जिवलग मित्र सत्राच्या मध्येच साखरपुडा करून निघून जातो. शनिवारी रात्री विवाहित मित्र घरी, अविवाहित मित्र कोणाबरोबर तरी बाहेर. ज्या मुलाला दोन-चार छंद नाहीत त्याला हे जड जातं. डोंगर चढायची आवड असेल तर मात्र वॉसॅच रांग दारातच आहे. सॉल्ट लेक सिटी गाडीने तासाभरावर. तिथे मराठी आणि इतर भारतीय कुटुंबं भेटतात. पहिल्या गणपतीच्या आधीच त्यांचा पत्ता काढून ठेवा.

शेवटी पालकांना. दारू नाही, पार्ट्या नाहीत, मुलामुलींची घरं वेगळी, म्हणून ‘मुलगा तिथे बिघडणार नाही’ या विचाराने बीवाययू निवडणारे आईवडील मला भेटतात. त्यांची काळजी मला कळते. पण ऑनर कोड हा पोटच्या पोरावर दुरून नजर ठेवायचं साधन नाही. ती त्याची स्वतःची, वयात आलेल्या माणसाची शपथ आहे, आणि मोडली तर तिची किंमत विमानतळावर एकट्याने बॅग घेऊन उभं राहून त्यालाच मोजावी लागते. ज्यांनी समजून-उमजून सही केली त्यांना मी तिथे मनापासून आनंदात, कर्जाच्या ओझ्याविना शिकताना पाहिलं आहे. म्हणून फीचा आकडा दाखवायच्या आधी ऑनर कोड मुलाच्या हातात द्या. आठवडाभर त्याला एकट्याला विचार करू द्या. त्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर एका शब्दानेही न दुखावता ते मान्य करा.